टेबल दोनचे सहा मिलिमीटर

२३ मे १९९५, मंगळवार. सकाळपासून नारळ खवते आहे. दोन झाले, तिसरा फोडायचा आहे. बाथरूम धुतली. आईच्या खोलीतला पंखा पाहुणीच्या खोलीत लावला.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत या तारखेखाली एवढंच आहे. मी वहीत कामं लिहिते, विचार लिहीत नाही. विचार लक्षात राहतात, कामं विसरतात. पाहुणी म्हणजे रूथ, आमच्या कंपनीच्या पेताह तिक्वाच्या हेड ऑफिसात तपासणी विभागाची मुख्य. बाई पन्नाशीची, जन्म उत्तरेत, गलीलमधल्या किबुत्झातला, म्हणजे सगळं सामायिक असलेल्या शेतवस्तीतला, आणि बेरशेव्हाच्या खाली दक्षिणेत ती आयुष्यात कधी उतरली नव्हती. तिला मी डिमोनाला आमच्या घरी एक रात्र राहायला बोलावलं होतं, कारण ती आली नसती तर महिन्याअखेर माझ्या आईचं कापणीचं टेबल बंद होणार होतं. आई कामावर होती, पप्पा खनिजांच्या कारखान्यात दिवसपाळीला होते, म्हणून मी रजा काढून नारळ खवत बसले होते. बाहेर दोन दिवसांपासून खमसिन होता. वाळवंटाकडून तो वारा सुटला की आभाळ पिवळं पडतं, ओठ फुटतात, आणि ओली चादर वाळत घालून दुसरी आणेपर्यंत पहिली वाळलेली असते. मला तो त्या दिवशी हवाच होता.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली वाळू, वर पाण्याच्या टाक्या, आणि मध्ये दिवसभर आवाज. समोरच्या मोरोक्कन बायका खिडकीतून खिडकीत बोलायच्या, त्यांच्या भांडणाची आणि आमंत्रणाची पट्टी एकच. पहाटे पाचला कारखान्यांच्या बसेस चौकात येऊन उभ्या राहायच्या आणि त्यांच्या धडधडीवर आम्ही उठायचो. आम्ही मराठी बोलणारे ज्यू, मी अकरा वर्षांची असताना पेणजवळच्या गावातून इथे आलो. त्याआधी माझी मराठी पाचवी झाली होती, म्हणून हे लिहिता येतं आहे. आईचं मराठी मात्र विमानात बसली त्या दिवशीच थांबलं. ती अजूनही ‘टिफिन’ आणि ‘बायस्कोप’ म्हणते, आणि फ्रिजला ‘बर्फाचं कपाट’. माझी मुलगी आता हे ऐकते तेव्हा हसते आणि हिब्रूत उत्तर देते. देऊ दे. ऐकते तरी.

आई शिवणकामाच्या कारखान्यात कटर होती, टेबल दोनवर. काम समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पँटच्या कापडाचे चाळीस थर टेबलावर एकावर एक अंथरायचे. वरच्या थरावर नमुने ठेवायचे, म्हणजे पुढचा पाय, मागचा पाय, पट्टा, खिसा, असे अकरा तुकडे. त्यांच्या कडेने खडूने आखायचं आणि मग उभ्या पात्याच्या विजेच्या सुरीने चाळीसच्या चाळीस थर एका दमात कापायचे. हात दोन मिलिमीटर सरकला तर चाळीस पँटी सरकल्या. सुरी चालू असताना आईशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. एकदा फोरमन आल्बेर तिला आग लागल्याचं सांगायला आला, तर तिने हात वर करून त्याला थांबवलं, रेघ पूर्ण केली, सुरी बंद केली आणि मग विचारलं, “कुठे?” आग कँटीनच्या तव्यावर होती, तोवर विझलीही होती. ही गोष्ट आल्बेर दर लग्नात सांगायचा.

त्या हिवाळ्यात मला सहा महिन्यांसाठी पेताह तिक्वाला तपासणीचं काम शिकायला पाठवलं. लष्करातून सुटून दोन वर्षं झाली होती, डिमोनाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते. जाताना आल्बेरने मला बाजूला घेतलं. “राखेल, कापरा,” तो म्हणाला. कापरा म्हणजे त्याच्या तोंडी ‘माझे आई, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकतो’ असं काहीतरी. “डोळे उघडे ठेव. ते उत्तरेवाले मोजताना टेप ओढतात. आपला माल नापास करायचा आणि कापणी तिकडे न्यायची, एवढाच त्यांचा डाव आहे.” नकाशावर पेताह तिक्वा उत्तरेला नाही, मध्यावर आहे. पण डिमोनात बेरशेव्हाच्या पुढची सगळी उत्तरच. आणि उत्तरेची माणसं कशी, हे आम्हा सगळ्यांना न जाता माहीत होतं. फोन केल्याशिवाय घरी यायचं नाही. आलात तर चहा इवल्याशा पेल्यात. ‘जेवलात का’ असं अशा बेताने विचारतील की तुम्ही हो म्हणावं. शेजारी मेला तर त्यांना वर्तमानपत्रातून कळतं.

तिकडे आमच्याबद्दलही असंच सगळं न येता माहीत होतं. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, “डिमोनाची? मग दिवा घालवला की तू चमकतेस का गं?” डिमोनाजवळच्या अणुभट्टीवरचा हा विनोद मी पुढच्या सहा महिन्यांत नऊ जणांकडून ऐकला आणि नऊही जणांना वाटलं की तो त्यांनाच सुचला. दक्षिणेतली माणसं ओरडून बोलतात, उशिरा येतात, हातापेक्षा तोंड जास्त चालवतात, पण मनाची फार चांगली, असं त्यांचं मत होतं. त्यातही आम्ही हिंदी लोक म्हणजे गरीब, गोड, तक्रार न करणारे. सगळ्यात राग यायचा तो एका वाक्याचा. “तू तर डिमोनाची वाटतच नाहीस.” हे कौतुक होतं आणि मी त्यावर हसायचे. लिहायला बसले आहे तर तेही लिहिते.

राहायला मी पप्पांच्या चुलत बहिणीकडे, फ्लोरा आत्याकडे होते. रविवारी पहाटेच्या बसने जायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. आत्या आमच्यातलीच, तिचं माहेर पेणजवळच्या त्याच गावातलं, पण ती आमच्याआधी बारा वर्षं आली आणि शहराजवळ स्थिरावली, तेव्हा तीही उत्तरेवाली झाली होती. “तुमच्या डिमोनाला काय,” ती म्हणायची, “शबातची शनिवारची सुटी संपली की खुर्च्या रस्त्यात. मी एकदा आले होते, सगळी बिल्डिंग माझ्या मुलांची नावं विचारत होती!” दर रविवारी आई माझ्या पिशवीत तिच्यासाठी काहीतरी घालायची, बहुतेक उडदाचे पापड. गुरुवारी आत्या आईसाठी रव्याचा केक द्यायची. आत्या म्हणे, “तुझ्या आईचे पापड सादळलेले असतात. वाळवायला सवड नाही डिमोनावाल्यांना, एवढं ऊन असून.” आणि आई केक कापताना म्हणे, “फ्लोराने अंडी वाचवली वाटतं. कसा कोरडा ठाक. तिकडची माणसं हात आखडूनच करणार.” दोघींचं हे आठ वर्षं चाललं होतं, सुट्यांत मी आत्याकडे जायला लागले तेव्हापासून. निरोप मीच पोचवायचे, थोडे गाळून.

ऑफिसात माझं टेबल रूथच्या शेजारी होतं. केस पुरुषासारखे कापलेले, पायात सँडल, बोलणं मोजकं. पहिला आठवडाभर मी तिच्या हातांवर नजर ठेवून होते. ती पँट टेबलावर ठेवायची, तळहाताने सारखी करायची, मग हात काढून थोडं थांबायची, आणि टेप नुसती वर ठेवायची. ओढणं सोडा, बोटसुद्धा दाबायची नाही. तीनदा मोजायची आणि तिन्ही आकडे लिहायची. आमची पँट दरवेळी सहा मिलिमीटर आखूड भरायची. टेबल एकचीही, दोनचीही, पण टेबल दोनची लांब पायाची पँट जास्त, म्हणून तिच्या नापासाच्या चिठ्ठ्या जास्त. जानेवारीपासून हे सुरू झालं होतं. चिठ्ठीवर रूथने लिहिलेलं असायचं, ‘टेबल २, आखूड, निष्काळजी कापणी’, आणि खाली सही. कटरचं नाव चिठ्ठीवर नसतं, फक्त टेबलाचा नंबर. एकदा तिने मला विचारलं, “टेबल दोनवर कोण असतं, तुला माहीत आहे? सुरी चालू असताना गप्पा मारते का ती?” मी म्हटलं, “नाही मारत.” एवढंच म्हटलं. ती माझी आई आहे, हे म्हटलं नाही.

टेप कुणी ओढत नव्हतं हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी डिमोनाला येऊन आल्बेरला तसं सांगितलं तर तो म्हणाला, “झालं. पोरगी उत्तरेची झाली.” मग एका शुक्रवारी सकाळी मी आईच्या टेबलापाशी उभी राहिले आणि तिची सुरी पाहिली. खडूच्या रेघेवरून ती केसभर हलली नाही. म्हणजे रूथचं मोजणं बरोबर, आईचं कापणं बरोबर, आणि पँट आखूड. आईला विचारलं, “जानेवारीत काय बदललं गं?” ती म्हणाली, “नमुने बदलले. पूर्वी लाकडी हार्डबोर्डाचे होते, जड. आता काम्प्युटरवर काढतात म्हणे, पुठ्ठ्याचे पाठवतात. हलके आहेत, हाताला बरं पडतं.” मी पश्चिमेच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून मागच्या पायाचा पुठ्ठा काढला आणि पोलादी पट्टीने मोजला. नमुना एकशेचार सेंटिमीटरचा हवा होता. भरला एकशेतीन पूर्णांक चार.

मला वाटलं, सापडलं. पुठ्ठाच चुकीचा कापून पाठवला आहे. तो गुंडाळून मी रविवारी पेताह तिक्वाला नेला. रूथ त्या दिवशी नव्हती, म्हणून रात्रभर तो आत्याच्या मागच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीमागे उभा राहिला. सोमवारी मी तो ऑफिसात सगळ्यांसमोर रूथच्या टेबलावर अंथरला, आणि उत्पादन विभागाचा मॅनेजर गिदोन जात होता, त्यालाही थांबवलं. म्हटलं, “चूक इथली आहे. मोजा.” रूथने तीनदा मोजलं. एकशेचार. एकशेचार. एकशेचार.

गिदोन वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त थांबता येत नसे. तो म्हणाला, “दक्षिणेत सेंटिमीटरसुद्धा सावकाश चालतो वाटतं,” आणि सगळं ऑफिस हसलं. मग त्याने हसत हसतच सांगितलं की महिन्याअखेरपर्यंत बघू, नाहीतर कापणी सगळी इथे आणू, डिमोनात फक्त शिलाई राहील. आई बावन्न वर्षांची होती. तिला शिलाई मशीनवर बसवलं असतं तर ती बसली असती, एक शब्द न बोलता. आणि कारखान्याने कायमचं ठरवून टाकलं असतं की ती निष्काळजी होती.

त्या संध्याकाळी आत्याने वरण-भात केला आणि तळायला आईचे पापड डब्यातून काढले. “बघ,” ती म्हणाली, “पुन्हा तेच. हे घे, वाकवून बघ.” मी पापड हातात घेतला. तो वाकला, तुटला नाही. शनिवारी रात्री मीच ते डब्यात भरले होते आणि भरताना त्यांतले दोन माझ्या बोटांत काडकन मोडले होते. आत्याच्या खिडकीची काच दमट होती, मीठ ओलं होतं, माझी पाठ ओली होती. समुद्र पंधरा किलोमीटरवर. मी पापड घेऊन तशीच उभी. आत्या म्हणाली, “काय गं, गेला का तो पापड डोक्यात?” मी म्हटलं, “आत्या, तुझा केक कोरडा नसतो.” ती म्हणाली, “कोण म्हणतं कोरडा आहे?” म्हणजे इतकी वर्षं मी तो निरोप चांगलाच गाळला होता.

दुसऱ्या दिवशी रूथला मी जेवणाच्या सुटीत गाठलं. म्हटलं, “पुठ्ठा दमट हवेत वाढतो आणि कोरड्या हवेत आटतो. तो इथे एकशेचार आहे आणि तिथे नाही.” तिने विचार केला. “सहा मिलिमीटर? पुठ्ठा? कागद इतका आटत नाही.” “तू मोजून बघ.” “तू तिथे मोज आणि फोन कर.” मी म्हटलं, “मी फोन केला तर गिदोन काय म्हणेल? डिमोनाचा आकडा डिमोनाच्या मुलीने सांगितला. तूच यायला हवं. पुठ्ठा तू मोज, त्याच्यावर सही कर, तूच हातात घेऊन ये, आमच्या भिंतीवर लटकव, रात्रभर राहू दे, सकाळी तुझ्याच पट्टीने मोज.” ती म्हणाली, “रात्रभर? तिथे हॉटेल आहे?” “आमचं घर आहे.” मग मी सांगून टाकलं, “टेबल दोनवर माझी आई आहे.” रूथने विचारलं, “आधी का नाही बोललीस?” आणि लगेच डायरी काढून म्हणाली, “पुढचा मंगळवार.”

तर नारळ खवून झाले आणि दुपारी कंपनीची व्हॅन आली. रूथच्या डोक्यावर उन्हाची टोपी, हातात पाण्याच्या चार बाटल्या, आणि पिशवीत चीजचे सँडविच, कारण इथे खायला मिळेल की नाही हे तिला माहीत नव्हतं. तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०४.०’ लिहून सही केली होती. कापणीच्या खोलीत तो तिने स्वतः खिळ्याला अडकवला. आई सुरी चालवत होती. रूथ तिच्यासमोर पाऊण तास काही न बोलता उभी राहिली आणि आईनेही मान वर केली नाही.

जेवणाची गंमत मात्र सांगायलाच हवी. आईने कोंबडीचा नारळाच्या दुधातला रस्सा केला होता, भात, वालाचं बिरडं, भेंडी आणि तळलेले पापड. आमच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. पाहुण्याने थोडं ठेवलं की समजायचं, पोट भरलं. रूथ ज्या किबुत्झात वाढली तिथे ताटात घेतलेलं टाकणं म्हणजे पाप. तेव्हा आई वाढत गेली आणि रूथ संपवत गेली. तिसऱ्यांदा भात आला तेव्हा रूथचे कान लाल झाले होते. आई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “अगो, हिला घरी जेवायला घालत नाहीत का? वाढ, वाढ, लाजते आहे.” चौथ्या वेळी रूथने हिब्रूत मला हळूच विचारलं, “ही बाई थांबत नाही का? नाही म्हटलं तर रागावेल?” मी दोघींना खरं काय ते सांगितलं. पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई हसली नाही, तिला वाईट वाटलं. रूथ उठली, तिने आपलं ताट धुतलं, मग आमची तिघांची धुतली, आणि आई मागे मागे “नको नको” करत असताना पातेलंही घासलं. घासलं, आणि बरं घासलं. आईने ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं होतं.

सकाळी साडेसहाला कापणीच्या खोलीत आम्ही चौघं होतो, आल्बेर धरून. रूथने कापडात गुंडाळलेली पोलादी पट्टी काढली. पुठ्ठा खिळ्यावरून काढून टेबल दोनवर ठेवला, हात काढला, थांबली. मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा पट्टी उलटी धरून दुसऱ्या टोकाकडून मोजलं. १०३.४. स्वतःच्या सहीशेजारी तिने तो आकडा लिहिला आणि स्टुलावर बसली.

आल्बेरने दोन्ही हात वर केले. “मी सांगत नव्हतो? चोर!” मी म्हटलं, “आल्बेर, कुणी चोरलं नाही. टेपही कुणी ओढली नाही.” तो म्हणाला, “मग निदान मला थोडं ओरडू तरी दे.” आई कपाटाकडे गेली आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आली. सगळ्या जपून ठेवल्या होत्या तिने, जानेवारीपासूनच्या, रबर लावून. तिचं हिब्रू तोडकं होतं. गठ्ठा रूथसमोर ठेवून ‘निष्काळजी’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे. तू लिहिलं. तू काढ.” हिब्रूत सगळेच एकमेकांना तू म्हणतात, पण आई कुणाला म्हणत नसे, वाक्य फिरवून घ्यायची. त्या दिवशी म्हणाली. रूथने पेन काढलं आणि एकेका चिठ्ठीवरचा तो शब्द खोडून बाजूला सही करत गेली. अर्धा तास लागला. आईने तेवढा वेळ उभं राहून प्रत्येक चिठ्ठी पाहिली, मग रबर लावून गठ्ठा परत कपाटात ठेवला आणि कापड अंथरायला घेतलं. आम्ही हिंदी लोक तक्रार करत नाही असं अजून कुणी म्हणालं की मला तो अर्धा तास आठवतो.

मग रूथने आल्बेरच्या खोलीतून गिदोनला फोन लावला. ती सरळ बोलणारी बाई, जसं झालं तसं सांगितलं. पलीकडून तो बराच वेळ बोलला. तिने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा आदल्या संध्याकाळी भाताच्या चौथ्या वाढीला झाला होता तसा झाला होता. मी विचारलं, “काय म्हणाला?” ती म्हणाली, “मी तुला ते शब्द सांगितले पाहिजेत असं नाही.” “सांग.” ती म्हणाली, “म्हणाला, रूथ, तुला त्यांनी जेवू घातलं ना? दक्षिणेतले लोक असेच असतात, एक रात्र ठेवून घेतात, पोटभर वाढतात, आणि माणूस सकाळी काय वाट्टेल ते लिहून देतो.” मग म्हणाली, “मी रिपोर्ट लिहीन. पण मीटिंग उद्या दहाला आहे, आणि टेबलं इकडून उचलायचं पत्र टाइप झालेलं आहे.” “पुठ्ठा घेऊन जाऊया.” “व्हॅनमधून नेईपर्यंत, आणि उद्या सकाळपर्यंत, तो पुन्हा एकशेचार होईल. तुलाच माहीत आहे.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, ताणून धरण्यात अर्थ नाही. नमुने पातळ पत्र्याचे करायचं ठरलं, टेबल दोन जागेवर राहिलं, आणि आई त्यावर आणखी आठ वर्षं कापत होती. आता तो कारखानाच उरलेला नाही, कापणी आणि शिलाई दोन्ही देशाबाहेर गेली, आणि तिथल्या लोकांबद्दल इथले लोक काय बोलतात ते मी ऐकते. पण त्या बुधवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. रूथ दुपारच्या व्हॅनने गेली. जाताना तिने आईला हात केला आणि आईने सुरी चालू असताना मान वर केली. एवढंच, पण मी ते तिला पहिल्यांदाच करताना पाहिलं.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, “रिपोर्ट लिहील ती. चांगली बाई आहे. तू आता नीज.” मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचच्या बसने निघाले. पुठ्ठा बरोबर होता, रूथच्या दोन्ही आकड्यांसकट. बेरशेव्हाला बस बदलली, तेल अवीवला बदलली, आणि साडेनऊला पेताह तिक्वाच्या ऑफिसात शिरले. रूथच्या टेबलावरच्या पट्टीने पुठ्ठा मोजून पाहिला. अपेक्षेप्रमाणे वाढत चालला होता. तेव्हा मी तयार कपड्यांना इस्त्री करतात त्या खोलीत गेले, जड इस्त्री उचलली, कोरडी उष्णताच हवी म्हणून तिची वाफ बंद केली, आणि इस्त्री, लांब वायर, पुठ्ठा आणि रूथची पट्टी घेऊन दहा वाजता मीटिंगच्या खोलीचं दार ढकललं. आत सातजण होते. रूथ उठून बाजूला सरली. गिदोन म्हणाला, “राखेल, हे काय आहे?” मी त्याच्यासमोरचे कॉफीचे पेले सरकवले, पुठ्ठा अंथरला आणि पट्टी त्याच्या हातात दिली. म्हटलं, “आता मोज. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं आहे.” मग भिंतीपाशी वाकून प्लग लावला.